मक्याचे इथेनॉल : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

सहकारी साखर कारखान्यांना आपल्या डिस्टिलरीत उसाच्या जोडीने मका आणि खराब झालेले धान्यही वापरता यावे, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये व्याजसवलतीची योजना जाहीर केली. तेव्हापासून कृष्णाकाठच्या गावांत उसाच्या दराबरोबर मक्याचीही चर्चा होऊ लागली आहे. मागील अंकात या योजनेवर आम्ही एक टिपण दिले होते. त्यानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. गाड्यांविषयीचे प्रश्न सर्वाधिक आहेत, पण त्यांचे उत्तर त्या मानाने सोपे असल्याने ते आधी उरकतो.

प्रश्न : माझी मोटारसायकल २०१४ सालची आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज पडले आहे. पंपावर विचारले तर ‘आता सगळीकडे हेच मिळते’ असे सांगतात. इंजिन खराब होईल का? (एक वाचक, मिरज)

मिरजकरांना हे पेट्रोल तसे अपरिचित नाही. इथेनॉल मिसळण्याचा देशातला पहिला प्रायोगिक टप्पा २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली या तीनच ठिकाणी राबवला गेला होता. मात्र तेव्हाचे प्रमाण ५ टक्के होते. देशभर १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, वीस टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये सरासरी मिश्रणही वीस टक्क्यांवर पोहोचले.

ॲव्हरेज पडते हे खरे आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत वीस टक्के मिश्रणात ही उष्णता सुमारे सात टक्क्यांनी कमी भरते. परंतु आपण २०२२ पासून दहा टक्क्यांचेच पेट्रोल वापरत होतो, त्यामुळे आताची खरी घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरावी. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि जुन्या मोटारींसाठी ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज दिलेला आहे. आपली गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर ती ४८ वर येईल. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला १०४ रुपये दराने सत्याऐंशी रुपयांच्या आसपास जादा खर्च पडेल. आपले ॲव्हरेज याहून पुष्कळ पडले असेल, तर दोष इथेनॉलवर न ढकलता कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर एकदा तपासून घ्यावेत.

इंजिन एकाएकी बंद पडत नाही. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांत रबरी नळ्या, वायसर आणि सील यांची झीज लवकर होऊ शकते, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी ते पाहून घ्यावेत. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि प्रमाणाबाहेर पाणी शिरले तर ते मिश्रणातून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पाटण, महाबळेश्वर, शिराळा या भागांत पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नये, भरून ठेवावी.

ॲव्हरेज कमी, मग पेट्रोलचा दरही कमी का नाही, अशी याच पत्रात जी तक्रार आहे ती आम्हाला रास्त वाटते. कमी उष्णतेचे इंधन ग्राहकाला कमी दराने मिळावे, अशी शिफारस निती आयोगाच्या त्याच अहवालात होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की, इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१ रुपये ३२ पैसे असून ती शुद्धीकरण झालेल्या पेट्रोलपेक्षा जास्त आहे. म्हणजे दर उतरण्याची आशा धरू नये. ग्राहकाला निवड मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेली याचिकाही १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली.

प्रश्न : अमेरिकेत मक्यापासून इंधन करण्यावर वीस-पंचवीस वर्षे वाद चालू आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात की, त्यातून मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा ते तयार करण्यात जाते. मग आपण तोच मार्ग का धरतो आहोत? (विज्ञान शाखेचे एक प्राध्यापक, कराड)

अमेरिकेत वर्षाला सुमारे ६,००० कोटी लिटर इथेनॉल तयार होते आणि तेथील मक्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्यासाठी डिस्टिलरीत जातो. त्यामागे २००५ आणि २००७ चे कायदे आहेत. पेट्रोलमध्ये किती जैवइंधन मिसळलेच पाहिजे हे त्यांनी ठरवून दिले. आयोवासारख्या मका पिकवणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन त्या कायद्यांमागे होते. ज्यांनी उसाचे राजकारण जवळून पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वादाचे तीन थर आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ उडतो. पहिला थर ऊर्जेच्या हिशेबाचा. कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटेल आणि त्यांचे सहकारी टॅड पॅट्झेक यांनी २००५ मध्ये मांडले की, मक्याच्या इथेनॉलमधून जेवढी ऊर्जा मिळते त्यापेक्षा २९ टक्के जास्त खनिज ऊर्जा ते बनवताना खर्ची पडते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २००२ च्या अभ्यासात मात्र एक भाग ऊर्जा घालून १.३४ भाग मिळते असे उत्तर आले होते. दोन्हीकडे मका तोच, तरी उत्तरे वेगळी का? पिमेंटेल यांनी यंत्रसामग्रीपासून मजुराच्या अन्नापर्यंत बऱ्याच गोष्टी खर्चात धरल्या. कृषी खात्याने उरलेल्या चोथ्याचे पशुखाद्य होते म्हणून त्याचे श्रेय वजा केले आणि खते व कारखाने यांची अलीकडची, सुधारलेली कार्यक्षमता धरली. पुढच्या काळात कारखाने आणखी सुधारले आणि ऊर्जा उलट तोट्यात जाते हा आक्षेप बराच मागे पडला. तरी ब्राझीलच्या उसाच्या इथेनॉलला जे सात-आठ पट उत्तर मिळते, त्याच्या जवळपासही मका जात नाही.

दुसरा थर जमिनीचा आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले की, एका ठिकाणचा मका इंधनाकडे वळला की धान्याची तूट भरून काढण्यासाठी दुसरीकडे गवताळ कुरणे आणि जंगले नांगरली जातात, आणि तो कार्बन हिशेबात घेतला तर तीस वर्षांच्या काळात मक्याचे इथेनॉल पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट उत्सर्जन करते. २०२२ मध्ये टायलर लार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रत्यक्ष लागवडीच्या आकडेवारीवरून निष्कर्ष काढला की, मक्याच्या इथेनॉलचे उत्सर्जन पेट्रोलपेक्षा कमी तर नाहीच, उलट बहुधा किमान २४ टक्क्यांनी जास्त आहे. अमेरिकेच्याच आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संशोधक ते पेट्रोलपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक कमी असल्याचे सांगतात. या दोन गटांत आजही समेट झालेला नाही. नवी जमीन किती नांगरली गेली आणि त्यातली किती इथेनॉलच्या नावावर लावायची, हे ठरवण्यातच सारा फरक आहे.

तिसरा थर अन्नाचा. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिको सिटीत टोर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या भाकरीच्या, वाढलेल्या दराविरुद्ध मोठे मोर्चे निघाले. अमेरिकेतील इथेनॉलमुळे मक्याचे भाव चढले होते, आणि मेक्सिकोतील मोजक्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या साठेबाजीनेही त्यात भर घातली असा आरोप तेव्हाच झाला होता.

आता आपल्याकडचे. आपल्या सरकारचा मुख्य युक्तिवाद कार्बनचा नसून परकीय चलनाचा आहे. आपण ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे, कारण मक्याला लागणारा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि तो वायूही मोठ्या प्रमाणात बाहेरूनच येतो. वाचलेल्या डॉलरांतून हे डॉलर वजा करायला हवेत.

अमेरिकेच्या वादात सहसा न येणारा आणि आपल्याकडे निर्णायक ठरणारा मुद्दा बॉयलरचा आहे. मक्याचे पीठ सुमारे ८५ अंशांवर शिजवावे लागते, त्यातल्या स्टार्चची एन्झाइमने साखर करावी लागते, यीस्टने दोन-अडीच दिवस आंबवावे लागते आणि दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असलेले मद्यार्क ऊर्ध्वपातनाने ९५ टक्क्यांपर्यंत नेऊन, रेण्वीय चाळणीतून (मॉलिक्युलर सीव्ह) उरलेले पाणी काढून ९९.५ टक्क्यांवर आणावे लागते. या सगळ्यासाठी वाफ लागते. साखर कारखान्याला लागून असलेल्या डिस्टिलरीत ही वाफ बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, निघते. एकट्या धान्य डिस्टिलरीत ती बहुतेक वेळा दगडी कोळशावर किंवा भाताच्या तुसावर निघते. एकाच शिवारातल्या मक्याचे इथेनॉल बगॅसवर केले तर पर्यावरणाच्या दृष्टीने समर्थनीय ठरू शकते, कोळशावर केले तर त्याचा बराचसा लाभ धुराड्यातून निघून जातो. म्हणून ‘मक्याचे इथेनॉल चांगले की वाईट’ या प्रश्नाला आम्ही सरसकट उत्तर देत नाही. कोणत्या रानात, कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या बॉयलरवर, हे आधी विचारावे लागते.

प्रश्न : उसापेक्षा मक्याला पाणी कमी लागते, म्हणून दुष्काळी भागात मक्याचे इथेनॉल योग्य असे भाषणांतून ऐकतो. आमच्या भागात टेंभू उपसा योजनेचे पाणी आता कुठे आले आहे. ते उसाला द्यावे की मक्याला? (एक शेतकरी, आटपाडी तालुका)

एकरी हिशेबाने मक्याला पाणी फारच कमी लागते, यात शंका नाही. परंतु इथेनॉलचा प्रश्न असेल तर हिशेब एकराचा नव्हे, लिटरचा करायला हवा, आणि तो आपण कागदावर मांडून पाहू.

उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत २०० सेंटीमीटर पाणी धरले तर एका एकराला सुमारे ८१ लाख लिटर होते. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ७० लिटर इथेनॉल धरले, म्हणजे साखर न करता सगळा रस इथेनॉलला दिला, तर २,८०० लिटर इथेनॉल मिळते. याचा अर्थ एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,९०० लिटर पाणी. निती आयोगाच्या अहवालात २,८६० लिटर असाच आकडा आहे. मक्याला ५५ सेंटीमीटर पाणी धरले तर एकरी २२ लाख लिटर होते. एकरी २८ क्विंटल मका आणि क्विंटलला ३८ लिटर इथेनॉल धरले तर १,०६४ लिटर मिळते, म्हणजे लिटरमागे साधारण २,१०० लिटर पाणी. फरक आहे, पण व्यासपीठावरून सांगितला जातो तेवढा नाही. उतारा वीस क्विंटलवर घसरला तर फरक जवळजवळ पुसला जातो.

खरा फरक पाणी कुठून येते यात आहे. खरिपाच्या मक्याला लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग आभाळातून पडतो आणि चार महिन्यांत रान मोकळे होऊन शाळू किंवा हरभरा घेता येतो. उसाचे पाणी उन्हाळ्यातही द्यावे लागते, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून आणलेले असते. त्या प्रत्येक लिटरमागे वीज जळालेली असते आणि तिचे बिल कोणी भरायचे यावर दरवर्षी वाद होतात. उपसा पाण्यावर उन्हाळी मका करून तो डिस्टिलरीला घालणे म्हणजे वीज खर्चून इंधन तयार करण्याचा द्राविडी प्राणायाम आहे. त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे : टेंभूच्या पाण्यावर ऊस वाढवू नये. मका करायचा तर खरिपात करावा, आणि योजनेचे पाणी तुरा व कणीस निघण्याच्या पंधरा-वीस दिवसांत पावसाने ओढ दिली तर संरक्षित पाणी म्हणून राखून ठेवावे, कारण त्या काळात ताण बसला तर दाणे भरत नाहीत. आटपाडीत निव्वळ पावसाच्या भरवशावर मका करणे धोक्याचे आहे. तेथे बाजरीच योग्य. डाळिंबाच्या बागा असतील तर त्यांचे पाणी तोडून मक्याला देण्याचा विचारही मनात आणू नये.

प्रश्न : कोंबडीखाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. इथेनॉलवाल्यांनी मका उचलायला सुरुवात केल्यापासून आमचा खर्च वाढला. आम्ही अंड्याचा दर ठरवत नाही, खाद्याचाही ठरवत नाही. आमचा विचार कोणी करायचा? (एक पोल्ट्रीचालक, विटा)

आपली तक्रार आकड्यांनी सिद्ध होणारी आहे. देशात वर्षाला सुमारे चार कोटी टन मका पिकतो, त्यातला सर्वांत मोठा ग्राहक कुक्कुटपालन व पशुखाद्य उद्योग होता. ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेच्या टंचाईच्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आठवड्याभरात ती मर्यादित स्वरूपात सैल केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैशांचा प्रोत्साहन भत्ता देऊन दर ७१ रुपये ८६ पैसे केला. उसाच्या रसाच्या इथेनॉलला तेव्हा ६५ रुपये ६१ पैसे मिळत होते. जिथे सहा रुपये जास्त मिळतात तिकडे डिस्टिलरी वळणारच. परिणामी अनेक वर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला.

आयात खुली करा, अशी आपल्या व्यवसायाची मागणी आहे. तिचा तोटा मका पिकवणाऱ्याला बसतो, आणि अमेरिकेचा बहुतांश मका जनुकीय बदल केलेला असल्याने तो प्रश्न निव्वळ दराचा राहत नाही. त्यापेक्षा डिस्टिलरीतून निघणारा डीडीजीएस, म्हणजे सुकवलेला चोथा, खाद्यात काही प्रमाणात वापरण्याची सवय लावून घेणे अधिक व्यवहार्य आहे. मक्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग या रूपाने परत मिळतो आणि त्यात २६ ते ३० टक्के प्रथिने असतात, त्यामुळे सोयाबीन पेंडीचा काही खर्च वाचतो. स्टार्च मात्र परत मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कागदावरच्या चर्चेत विसरला जाणारा आणखी एक गिऱ्हाईक आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहे, तो म्हणजे मुरघास. दाणा दुधात असताना उभा मका कुट्टी करून बॅगेत किंवा खड्ड्यात दाबणारे दूध उत्पादक गेल्या काही वर्षांत गावोगाव दिसतात. दाण्याचा भाव चढला की शेतकरी मका कापून न देता कणसे पिकू देतो आणि ऐन उन्हाळ्यात मुरघास महाग होतो. पोल्ट्रीची संघटना आहे, तिचे निवेदन दिल्लीपर्यंत जाते. दोन गाईंच्या गोठ्याचे म्हणणे तिथवर जात नाही.

प्रश्न : इथेनॉलमुळे मक्याला सोन्याचे दिवस येणार म्हणून यंदा पाच एकर मका केला. बाजारात नेला तर हमीभावही मिळाला नाही. हे कसे? (एक शेतकरी, जत तालुका)

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण आलेल्या सगळ्या पत्रांच्या मुळाशी तोच आहे.

इथेनॉलचा दर सरकारने ठरवलेला आहे आणि तेल कंपन्या तो डिस्टिलरीला देतात. मक्याचा हमीभावही सरकार जाहीर करते. २०२५-२६ साठी तो क्विंटलला २,४०० रुपये आहे. परंतु हमीभाव जाहीर होणे आणि त्या भावाने खरेदी होणे यांत अंतर आहे. खासगी खरेदीदारावर व्यवहारात त्याचे बंधन राहत नाही आणि मक्याची सरकारी खरेदी गहू-तांदळाच्या मानाने नगण्य असते. दराची हमी डिस्टिलरीच्या फाटकापर्यंत आहे. फाटकाच्या आतल्याला ती आहे, बाहेर ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्याला नाही.

हिशेब पाहा. २,४०० रुपयांनी घेतलेल्या क्विंटलमधून ३८ लिटर निघाले तर लिटरमागे कच्च्या मालाचा खर्च ६३ रुपये येतो. उरलेल्या आठ-नऊ रुपयांत आणि चोथ्याच्या विक्रीत वाफ, एन्झाइम, पगार आणि व्याज भागवायचे. तोच मका २,००० रुपयांना मिळाला तर खर्च ५३ रुपयांच्या आत येतो. म्हणून डिस्टिलरीचा खरेदीदार काढणीच्या ऐन गर्दीत हात आखडता घेतो. त्याच्याकडे दुसरा पर्यायही असतो : जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने अन्न महामंडळाकडील तांदूळ डिस्टिलरींना क्विंटलला २,८०० ऐवजी २,२५० रुपयांनी द्यायचे ठरवले, आणि तांदळातून मक्यापेक्षा जास्त इथेनॉल निघते. गोदामातला तांदूळ या भावाने मिळत असताना मक्याचा भाव त्याच्या फार वर कसा जाईल? नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात हमीभावाच्या कितीतरी खाली दर गेल्याने मका उत्पादक रस्त्यावर उतरले, ते याच साखळीमुळे. मक्याच्या इथेनॉलचा दर त्या काळातही ७१ रुपये ८६ पैसेच होता.

उसाशी तुलना केली की उणीव कुठे आहे ते दिसते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार कारखान्याने एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, चौदा दिवसांत दिली पाहिजे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागते, आणि ती वसूल करण्यासाठी कायद्याचा आधार आहे. ती वेळेवर मिळते असे नाही. त्यासाठी या पट्ट्यात किती आंदोलने झाली हे आपण जाणता. पण भांडायला निदान कागद आहे. त्याच कारखान्याच्या त्याच काट्यावर मका घातला तर असा कोणताही कागद हाती नसतो. आमचे मत असे की, ज्या डिस्टिलरीला मक्याच्या इथेनॉलसाठी जादा दर मिळतो तिने हमीभावाने खरेदी केल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय तो जादा भत्ता देऊ नये. भत्ता शेतकऱ्याच्या नावाने सुरू झाला आहे.

तोपर्यंत आपल्या हाती थोडेच आहे, पण तेवढे करावे. जतच्या कोरड्या हवेचा उपयोग करून मका १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा, कारण अडत्या असो की डिस्टिलरी, ओलाव्याची कपात तिथेच सुरू होते आणि दोन टक्के जादा ओल दाखवून क्विंटलमागे बरेच पैसे जातात. यंत्रावर ओल मोजताना स्वतः समोर उभे राहावे. पाच एकरांचा माल एकट्याने न नेता आसपासच्या शेतकऱ्यांनी शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत लेखी करार करून द्यावा. करारात दर, ओलाव्याची कपात आणि पैसे देण्याची तारीख या तीन गोष्टी नसतील तर त्या कराराचा उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळाने डिस्टिलरीत मका वापरण्यासाठी कर्ज काढण्याचा ठराव वार्षिक सभेपुढे आणला आहे. सभासद म्हणून काय विचारावे? (एक सभासद, वाळवा तालुका)

योजना अशी आहे की, अशा कर्जावर वार्षिक ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे व्याज केंद्र सरकार पाच वर्षे भरेल. त्यात एक वर्ष हप्त्याची सूट आहे. गाळप चार-साडेचार महिने चालते आणि उरलेला काळ डिस्टिलरी मळीच्या साठ्यावर जमेल तेवढी चालून बंद राहते, हे पाहता कल्पना तर्काला धरून आहे.

पहिला प्रश्न खेळत्या भांडवलाचा विचारावा. दिवसाला ६० हजार लिटरच्या डिस्टिलरीला रोज सुमारे १५८ टन मका लागतो, म्हणजे हमीभावाने रोज ३८ लाख रुपये. शंभर दिवसांसाठी ३८ कोटी रुपये आणि सुमारे साडेपाच हजार एकरांचा मका हवा. तो तालुक्यातून येणार की व्यापाऱ्यामार्फत दुसऱ्या राज्यातून? दुसऱ्या राज्यातूनच येणार असेल तर ‘स्थानिक शेतकऱ्याचे हित’ हे शब्द ठरावातून काढायला सांगावे.

दुसरा प्रश्न इंधनाचा. बिगर हंगामात वाफ कशावर काढणार? बगॅस शिल्लक ठेवायचा तर तेवढी सहवीज (बगॅस जाळून केलेली वीज) कमी विकली जाईल, तो तोटा अहवालात धरला आहे का? कोळसा घेणार असाल तर त्याचा दर काय धरला आहे?

तिसरा आणि आज सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मागणीचा. वीस टक्क्यांचे लक्ष्य गाठले गेले आहे. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांना सुमारे १,०५० कोटी लिटर इथेनॉल हवे होते आणि देशभरातून १,७७६ कोटी लिटरचे देकार आले. वाटप झालेल्यात मक्याचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक आणि सगळ्या धान्याचा मिळून सत्तर टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे मक्याला वाव मिळाला, पण तो आधीच उभ्या असलेल्या डिस्टिलरींनी व्यापला आहे. आपल्या कारखान्याला किती लिटरचे वाटप मिळेल असे गृहीत धरले आहे, आणि निम्मेच मिळाले तर हप्ता कशातून जाणार, याचे उत्तर आकड्यांत मागावे. सरकार एका रात्रीत धोरण बदलते, हे डिसेंबर २०२३ मध्ये रसाच्या इथेनॉलसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांनी अनुभवले आहे.

या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर ठरावाला विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न : डिस्टिलरीतला मक्याचा चोथा सरकी पेंडीपेक्षा स्वस्त मिळतो आहे. दुभत्या गाईंना चालेल का? (एक दूध उत्पादक ताई, फलटण तालुका)

चालेल, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. मका भिजलेला किंवा बुरशी आलेला असेल तर त्यातले अफलाटॉक्सिन हे विष आंबवण्याच्या प्रक्रियेत नाहीसे होत नाही. स्टार्च निघून गेल्याने ते चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होते आणि गाईच्या पोटातून दुधात उतरते. दुधातील त्याची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे आणि संकलन केंद्राने नमुना तपासला तर दूध नाकारले जाऊ शकते. म्हणून पोत्यासोबत तपासणीचा अहवाल मागावा. पशुखाद्यासाठी अफलाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर माल घेऊ नये. दुसरे म्हणजे रंग पाहावा. चांगला चोथा सोनेरी-पिवळा असतो. काळपट, करपल्याचा वास येणारा माल सुकवताना जळालेला असतो आणि त्यातली प्रथिने गाईला पचत नाहीत. सुरुवात रोज अर्ध्या किलोने करावी, दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवावी आणि दिवसाच्या एकूण कोरड्या खाद्याच्या पाचव्या हिश्श्यापुढे जाऊ नये. ओला चोथा आणखी स्वस्त मिळतो. मात्र उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत आंबून बुरसटतो, त्यामुळे गोठ्यात रोज संपेल एवढाच आणावा.